आवाळू की पसरलेला कर्करोग? कातडीखालच्या गाठीचा अर्थ

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत वरचेवर दिसणारे एक दृश्य आहे. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी आलेले तासगावकडचे एखादे आबा उठता उठता सदरा वर करतात, पाठीवरचा लिंबाएवढा उंचवटा दाखवतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, हे जरा बघा की. वीस वर्सं झाली, पर कवा दुखलं न्हाई." त्याच आठवड्यात जतकडच्या एखाद्या काकी येतात. त्यांच्या छातीच्या कडेला आणि पोटावर हरभऱ्याएवढ्या दोन-तीन गाठी असतात, त्या गेल्या महिना-दीड महिन्यात उठलेल्या असतात आणि काकींचे म्हणणेही तेच असते, की दुखत काही नाही. आबांची गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी आवाळू ठरते. काकींच्या गाठी मात्र शरीरात दुसरीकडे सुरू झालेल्या कर्करोगाने कातडीत येऊन घातलेले बस्तान असू शकते.

गाठी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या दोन टोकांमधला फरक मला रोज पाहावा लागतो, आणि 'दुखत नाही म्हणजे काळजी नाही' या समजुतीने किती वेळ वाया जातो हेही दिसते. खरे पाहता दुखणे हे बहुधा पू झाल्याचे, सूज आल्याचे किंवा नसेवर दाब पडल्याचे लक्षण असते. साधे आवाळू दुखत नाही आणि पसरलेल्या कर्करोगाची गाठही सुरुवातीला सहसा दुखत नाही, त्यामुळे या दोहोंत निवड करायला वेदनेचा काहीच उपयोग होत नाही. त्याऐवजी गाठ किती दिवसांत वाढली, बोटाला कशी लागते, एकटी आहे की तिच्यासोबत आणखी आहेत, ती नेमकी कोठे आहे आणि ज्याच्या अंगावर आहे त्या माणसाचा पूर्वेतिहास काय आहे, हे विचारावे लागते. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि दुर्दैवाने तोच सर्वांत कमी विचारला जातो.

आपल्या जुन्या बोलीने गाठींची वर्गवारी केव्हाच केलेली आहे. पू धरणारे ते गळू किंवा करट, केसाच्या मुळाशी होणारे केसतूड, काखेत येणारे बेंड, वर्षानुवर्षे न दुखता राहणारे आवाळू, कातडीवर लोंबणारी चामखीळ, तळपायाला टोचणारे कुरूप आणि मानेत क्षयामुळे येणाऱ्या गाठींची ती गंडमाळ. अलीकडे मात्र हे सगळे शब्द मागे पडून सगळ्यालाच 'गाठ' म्हटले जाते आणि 'गाठ' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात कर्करोगच येतो. या यादीतला 'अवधाण' हा शब्द मला विशेष मोलाचा वाटतो. पायात काटा रुतून जखम चिघळली की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे कसे घडते ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज लसीका (लिम्फ) हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांचे एक जाळे असते आणि जागोजागी चौकीसारख्या बसलेल्या लसीका ग्रंथी वाटेत आलेले जंतू अडवताना सुजतात. कर्करोगाच्या पेशीही अनेकदा याच वाटेने प्रवास करतात.

सौम्य म्हणजे काय आणि पसरणे म्हणजे काय

पेशींची वाढ गरजेपेक्षा जास्त झाली की गाठ तयार होते, एवढे दोन्ही प्रकारांत सारखे आहे. फरक वाढण्याच्या रीतीत आहे. सौम्य गाठ ही जमिनीत पोसणाऱ्या रताळ्यासारखी असते. ती भोवतालची माती बाजूला सारत आपल्या जागी मोठी होते, तिला बहुधा स्वतःचे पातळ वेष्टन असते आणि काढायची म्हटली तर ती अखंड निघते. कर्करोगाची वाढ उसाच्या शेतातल्या हरळीसारखी असते. वर दिसते त्यापेक्षा खाली जास्त गेलेले असते, मुळ्या शेजारच्या सरीत शिरलेल्या असतात आणि वरून खुरपून काढली तरी तुटलेल्या पेरातून ती पुन्हा फुटते. इथवर तो स्थानिक आक्रमणाचा भाग झाला. पुढची पायरी म्हणजे गाजरगवताचे बी उडून दूरच्या बांधावर रुजावे, तशा काही पेशी मूळ गाठीपासून सुटतात, रक्तातून किंवा लसीकेतून वाहत जातात आणि फुप्फुस, यकृत, हाड, मेंदू किंवा क्वचित कातडी अशा ठिकाणी नवी वसाहत करतात. 'कर्करोग पसरला' याचा वैद्यकीय अर्थ हा आहे.

बी आणि जमीन ही उपमा केवळ माझी नव्हे. इंग्लंडमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली, स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या सातशेहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्यावर, असे मांडले की पेशी सगळीकडे वाहत गेल्या तरी त्या सगळीकडे रुजत नाहीत, बीजाला मानवणारी जमीन लागते. कातडी ही अशा बीजाला फारशी मानवणारी जमीन नाही. म्हणूनच अंतर्गत कर्करोग झालेल्या शंभर रुग्णांपैकी, कोणतीही पाहणी घेतली तरी, दहाच्या आसपास किंवा त्याहून बऱ्याच कमी जणांच्या कातडीत तो पोहोचलेला आढळतो. अंगावर गाठ दिसताच मनात येणारी सर्वांत वाईट शक्यता ही प्रत्यक्षात कमी घडणारी आहे, हे आधी स्पष्ट केलेले बरे.

रोजच्या गाठी

सर्वांत जास्त आढळते ते चरबीचे आवाळू, ज्याला डॉक्टर लायपोमा म्हणतात. कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या चरबीच्या थरात ते वाढते. पाठ, खांदा, मान, दंड आणि मांडी ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. बोटाला ते मऊ, थोडे लिबलिबीत लागते, त्याच्या कडेवर बोट दाबले तर ते बोटाखालून निसटते आणि त्यावरची कातडी चिमटीत सहज उचलता येते. वर्षावर्षांत ते थोडे वाढते आणि पुष्कळदा एका आकाराला येऊन थांबते. गंमत अशी की माणूस उपासाने किंवा आजाराने रोडावला तरी आवाळूतली चरबी तशी कमी होत नाही, उलट सभोवतालची चरबी गेल्यामुळे ते अधिक उठून दिसते आणि 'गाठ वाढली' असे वाटते. काही घराण्यांत बाप, चुलते आणि मुलगे अशा सर्वांच्या दंडांवर-मांड्यांवर अनेक आवाळू असतात, त्यामुळे केवळ संख्या जास्त आहे म्हणून घाबरू नये. साध्या आवाळूचे पुढे कर्करोगात रूपांतर होणे ही जवळजवळ न घडणारी गोष्ट आहे. चरबीच्या पेशींचा कर्करोग असतो, पण तो बहुधा पहिल्यापासूनच वेगळा असतो.

या वेगळ्या प्रकाराची ओळख मात्र ठेवली पाहिजे. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल, कातडीखालच्या थरात न राहता स्नायूंत खोल बसलेली असेल, काही महिन्यांत स्पष्टपणे वाढली असेल किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर ती आवाळू समजून छोट्या दवाखान्यात भूल देऊन कापणे ही चूक ठरते. अशा वेळी आधी एमआरआय आणि मग जाड सुईने घेतलेला तुकडा, हा क्रम पाळावा लागतो. पहिला छेद चुकीच्या दिशेने गेला तर रोगाच्या पेशी आसपासच्या निरोगी थरांत मिसळतात आणि नंतरची मोठी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते.

दुसरी रोजची गाठ म्हणजे कातडीखालची पिशवी. तिच्या मधोमध बारकासा काळा ठिपका दिसतो आणि दाबली तर पांढरट, घाण वासाचा लगदा बाहेर येतो. लोक त्याला 'चरबी निघाली' म्हणतात, परंतु ती चरबी नसून केस आणि नखे ज्या प्रथिनापासून बनतात त्याच केराटिनचा साठा असतो. डोक्यावर होणाऱ्या अशा पिशव्यांवर बहुधा ठिपका नसतो आणि त्या एकाच कुटुंबात अनेकांना होतात. अंगठ्याने दाबून ही पिशवी रिकामी करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही, पण पिशवीचे अस्तर आतच राहते, त्यामुळे ती पुन्हा भरते, शिवाय आतल्या आत फुटली तर पू होतो आणि तोपर्यंत गप्प असलेली गाठ लाल होऊन ठणकू लागते. अशी अचानक दुखू लागलेली जुनी गाठ पाहून घरचे घाबरतात, खरे तर अशा वेळी कर्करोगापेक्षा पुवाचाच संभव अधिक असतो.

आपल्याकडचे घरगुती उपाय इथेच आड येतात. मस किंवा चामखीळ घोड्याच्या केसाने आवळून बांधणे, त्यावर चुना लावणे, बिब्ब्याचा चटका देणे हे प्रकार अजूनही चालतात. हळदीबद्दल सांगलीकराला काही सांगावे अशी माझी प्राज्ञा नाही, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मलाही अभिमान वाटला होता. हळदीचे पोटीस चार दिवस बांधून करट पिकले तर त्याला कोणी हरकत घेणार नाही. बिब्ब्याचे तसे नाही. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, व्रण उरतो आणि मग खालची मूळ गाठ कशी होती हे पाहणाऱ्यालाही कळेनासे होते. असा भाजलेला तुकडा तपासणीला येतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दाह आणि मेलेल्या पेशी यांच्या गर्दीत खरे उत्तर शोधावे लागते.

मज्जातंतूच्या आवरणापासून होणाऱ्या मऊ गाठींविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यांच्यामुळे सोसावा लागणारा त्रास हा रोगापेक्षा लोकांच्या नजरांचा असतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जन्मजात विकारात अंगावर दहा-वीसपासून शेकड्यांपर्यंत गाठी येतात. दाबले असता त्या काजाच्या भोकातून आत गेल्यासारख्या कातडीत दबतात, आणि बहुधा लहानपणापासून अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. साधारण तीन हजार जन्मांमागे एकाला हा विकार असतो आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या घराण्यात तो आधी कोणालाही नसतो, जनुकातला बदल त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो. तो संसर्गजन्य नाही. तरीही असा माणूस बसमध्ये बसला की शेजारचा उठून जातो, लग्नाची बोलणी मोडतात, आणि 'कॅन्सर सगळ्या अंगात पसरलाय' किंवा 'कुष्ठरोग आहे' असे परस्पर निदान होते. ते दोन्ही चूक असते. या रुग्णांनी लक्ष ठेवायचे ते वेगळ्याच गोष्टीवर. शेकडो जुन्या गाठींपैकी एखादी गाठ इतरांना सोडून झपाट्याने वाढू लागली, कडक झाली किंवा सतत दुखू लागली, तर तिची तपासणी लगेच करावी, कारण या विकारात मज्जातंतूच्या आवरणाचा कर्करोग होण्याचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा बराच जास्त असतो. सर्वसाधारण लायपोमाच्या बाबतीत दिलेले आश्वासन इथे जसेच्या तसे देता येत नाही.

उतारवयात पाठीवर आणि चेहऱ्यावर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी-काळे खडबडीत चट्टे येतात, ते निरुपद्रवी असतात. पोटावरचे लालभडक बारीक तीळ, मानेवरच्या लोंबत्या चामखिळी, पायावरची चिमटीत धरली की मध्ये खळी पडणारी घट्ट छोटी गाठ, हेही त्याच पंगतीतले.

पसरून आलेली गाठ कशी असते

अंतर्गत कर्करोगापासून कातडीत आलेली गाठ बहुतेक वेळा गोल किंवा लांबट, रबरासारखी किंवा त्याहून घट्ट आणि कातडीच्या थरातच रुतलेली असते. ती आवाळूसारखी बोटाखालून निसटत नाही, कातडी हलवली तर तिच्यासकट हलते, आणि पुढे खालच्या थरांनाही चिकटून अजिबात हलेनाशी होते. रंग कातडीचाच, किंवा किंचित लालसर, जांभळट. सुरुवातीला वर जखम नसते, आणि यामागे एक सुंदर म्हणता येईल असे कारण आहे. कातडीच्या अगदी वरच्या थराखाली निरोगी ऊतींची एक पातळ पट्टी बहुधा मोकळी राहते आणि बाहेरून आलेल्या पेशी तिच्या खाली गोळा होतात. कातडीतच जन्मलेला कर्करोग वरच्या थरापासून सुरू होतो, म्हणून तो लवकर खवले धरतो किंवा चिघळतो. पसरून आलेला मात्र गुळगुळीत पांघरुणाखाली वाढत असतो. वरची कातडी चांगली दिसते म्हणून निश्चिंत राहू नये ते यासाठी.

वेळ हा या गाठींचा सर्वांत बोलका गुण आहे. आवाळूची सुरुवात रुग्णाला आठवत नाही, 'लग्नाआधीपासून आहे' किंवा 'मोठा पूर आला त्या साली बघितली' अशी उत्तरे मिळतात. पसरलेल्या गाठीची तारीख मात्र जवळजवळ सांगता येते. दिवाळीला नव्हती, संक्रांतीला एक होती, आता चार आहेत. चार-सहा आठवड्यांत आलेली, तशीच दुसरी-तिसरी सोबत घेऊन येणारी घट्ट गाठ, ही कोणत्याही वयात दाखवण्याजोगी गोष्ट आहे.

जागाही पुष्कळ काही सांगते, कारण पेशी बहुधा मूळ रोगाच्या आसपासच्या कातडीत प्रथम उतरतात. स्त्रियांत कातडीत पसरणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सर्वांत पुढे असतो आणि तो छातीच्या कातडीत, बहुधा शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ दिसतो. पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग आघाडीवर असतो आणि छाती, पाठ, डोके अशी ठिकाणे घेतो. आपल्या भागात तंबाखू आणि मिश्री यांमुळे तोंडाचे कर्करोग भरपूर असल्याने गालावर आणि मानेवर गाठी दिसतात. त्यांतल्या काही रोग आतून बाहेर थेट कोरत आल्यामुळे होतात, तर काही लसीकेच्या वाटेने आलेल्या असतात. डोक्याची कातडी रक्ताने समृद्ध असल्यामुळे मूत्रपिंड आणि थायरॉइड यांसारख्या दूरच्या अवयवांचे कर्करोगही तिथे पोहोचतात. या दोहोंच्या गाठींत रक्तवाहिन्या इतक्या असतात की कधी कधी हाताला ठोके लागतात. स्तनाच्या कर्करोगाचे डोक्यातले पसरणे तर कधी गाठ न होता केस गेलेला गुळगुळीत चट्टा म्हणूनच दिसते आणि चाई समजून त्यावर महिनोन्महिने तेले चोळली जातात.

बेंबीची गाठ हे एक वेगळेच प्रकरण आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथे सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी या जोगीण परिचारिका शल्यविशारद विल्यम मेयो यांच्या पहिल्या सहायक म्हणून काम करत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांचे पोट साफ करताना त्यांच्या लक्षात आले की ज्यांच्या बेंबीत घट्ट गाठ असते त्यांच्या पोटात बहुधा पसरलेला कर्करोग निघतो. मेयो यांनी १९२८ साली ही खूण लिहून ठेवली, आणि पुढे १९४९ साली हॅमिल्टन बेली या ब्रिटिश शल्यविशारदाने तिला त्या परिचारिकेचे नाव दिले. जठर, मोठे आतडे, स्वादुपिंड आणि स्त्रीबीजकोश यांच्या कर्करोगांत ही गाठ येते. एखादा प्राध्यापक नव्हे, तर रोज रुग्णाचे अंग पुसणारी परिचारिका ही गोष्ट हेरते, याचे मला काही नवल वाटत नाही. आपल्याकडेही आईच्या केसांना तेल लावताना किंवा वडिलांना आंघोळ घालताना घरच्या माणसांनाच अशी गाठ पहिल्यांदा लागते.

कधी कधी गाठ येतच नाही. स्तनाच्या कर्करोगात छातीची कातडी लाल, गरम, सुजलेली होते आणि संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. ताप नसतो आणि प्रतिजैविकांचा पूर्ण डोस घेऊनही लाली ओसरत नाही. दुसऱ्या प्रकारात कातडी हळूहळू लाकडासारखी कडक होत छातीला आवळत जाते, तिला फ्रेंच वैद्यांनी चिलखताची उपमा दिली आहे.

न विचारलेला प्रश्न

आता त्या महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. 'यापूर्वी कधी कर्करोगाचे ऑपरेशन, किरणोपचार किंवा केमो झाली आहे का?' स्तनाचा कर्करोग दहा वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा कातडीत पुन्हा डोके वर काढू शकतो, त्यामुळे हा प्रश्न मागच्या एक-दोन वर्षांपुरता विचारून चालत नाही. अडचण अशी की आपल्याकडे रुग्णाला पुष्कळदा स्वतःचा आजार माहीतच नसतो. "आईला सांगितलेलं नाही, नुसती गाठ काढली असं सांगितलंय," असे मुलगा दाराबाहेर दबक्या आवाजात सांगतो, आणि आई आतमध्ये प्रामाणिकपणे सांगते की मला काही झाले नव्हते. मुलगा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेल्यानंतर हीच आई एकटी नव्या डॉक्टरकडे गेली, तर छातीवरच्या दाण्यांना घामोळे किंवा गळू समजून मलम मिळण्याचा पूर्ण संभव असतो. माया म्हणून लपवलेली माहिती निदानाच्या वेळी सर्वांत मोठा अडथळा ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कातडीतली गाठ ही अंतर्गत कर्करोगाची पहिलीच खूण असण्याचा प्रसंगही येतो. अशा वेळी सोबतच्या तक्रारी वाट दाखवतात. महिनाभराहून अधिक चाललेला खोकला, थुंकीतून किंवा शौचावाटे रक्त, गिळायला त्रास, पोट फुगणे आणि कारण नसता कपडे सैल होणे, यांपैकी काही गाठीसोबत असेल तर गाठ लहान की मोठी याला महत्त्व उरत नाही.

घट्ट गाठी म्हटल्या की सगळ्याच कर्करोगाच्या, असेही नाही. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात कानाच्या पाळ्या आणि चेहऱ्यावर गाठी येतात. क्षयात मानेच्या गंडमाळा फुटून वाहतात. पट्टकृमीची अंडी अस्वच्छ अन्नातून पोटात गेली तर कातडीखाली वाटाण्यासारख्या पिशव्या होतात, आणि त्या शाकाहारी माणसालाही होऊ शकतात. हे तिन्ही आजार औषधांनी आवरता येतात.

कातडीतच उगम पावणाऱ्या कर्करोगांबद्दल दोन शब्द. त्यांतला एक प्रकार चेहऱ्यावर वर्षानुवर्षे कोरत राहतो पण क्वचितच दूर पसरतो. दुसरा जुन्या भाजल्याच्या व्रणातून, न भरणाऱ्या जखमेतून निघू शकतो. टाटा स्मारक रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतर कमरेला घट्ट आवळल्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते, पुढे परकराच्या नाडीखालच्या काळवंडलेल्या पट्ट्यातही तसाच रोग आढळला. तिसरा आणि सर्वांत वेगाने पसरणारा म्हणजे मेलॅनोमा. आपल्या लोकांत तो कमी असला तरी जेव्हा होतो तेव्हा बहुधा तळपायाला किंवा नखाखाली होतो, आणि अनवाणी राबणाऱ्या माणसाला तो काट्याचा डाग किंवा कुरूप वाटतो. वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, एकाहून अधिक छटांचा काळा डाग तळव्यावर दिसला तर ब्लेडने खरवडत बसू नये.

शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा

अनुभवी डॉक्टर स्पर्शावरून आवाळू ओळखतो आणि बहुतेक वेळा बरोबर असतो. शंका आली की सोनोग्राफीने गाठ कोणत्या थरात आहे, भरीव आहे की पिशवी, हे कळते. त्यानंतर बारीक सुईने पेशी ओढून पाहिल्या जातात, किंवा तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने कातडीचा तुकडा घेतला जातो, अथवा छोटी गाठ पूर्णच काढली जाते. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की लोक तपासणीच टाळतात. सुईच्या वाटेवर रोग रुजणे अत्यंत दुर्मीळ असते, आणि जिथे तो धोका मानला जातो तिथे डॉक्टर सुईची वाट आधीच ठरवून घेतात. ज्यांची गाठ तपासणीनंतर वाढली, त्यांची ती तपासणीआधीही वाढतच होती, फक्त आता तिच्याकडे सगळ्यांचे लक्ष लागलेले असते.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. काढलेली गाठ 'साधीच होती' म्हणून टाकून दिली जाते, किंवा सलाइनच्या पाण्यात घालून दोन दिवसांनी आमच्याकडे येते आणि तोवर सडलेली असते. काढलेला तुकडा त्याच क्षणी फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात, बुडवला पाहिजे आणि रुग्णाने 'माझी गाठ तपासायला पाठवणार ना?' असे विचारण्यात काहीच उद्धटपणा नाही. पुढे तो तुकडा मेणात घट्ट बसवून केसापेक्षाही कितीतरी पातळ, तीन-चार मायक्रॉनचे काप काढले जातात आणि रंगवले जातात. सौम्य गाठीत वेष्टन, ओळखीच्या पेशी आणि शिस्त दिसते. पसरलेल्या कर्करोगात परक्या पेशींचे पुंजके कातडीत शिरलेले दिसतात, केव्हा केव्हा लसीकावाहिनीतच अडकलेले सापडतात. या पेशी मूळच्या कुठल्या, हे शोधणे म्हणजे पत्ता फाटलेले पाकीट घेऊन घर शोधण्यासारखे आहे. त्यासाठी पेशींतले खुणेचे पदार्थ रंगवून शोधणारी आयएचसी नावाची तपासणी असते. टीटीएफ-१ हा खुणेचा पदार्थ सापडला तर फुप्फुस किंवा थायरॉइड, ईआर आणि गाटा-३ सापडले तर स्तन, एस-१०० सापडला तर मेलॅनोमा किंवा मज्जातंतू, अशी दिशा मिळते. साधा अहवाल आठवड्याच्या आत मिळतो, आयएचसीला आणखी काही दिवस लागतात, आणि हा उशीर हयगयीचा नसतो.

यासाठी लांब जाण्याची गरज आता फारशी पडत नाही. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारल्यापासून मिरज ही वैद्यकाची पेठ आहे, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वतंत्र कर्करोग रुग्णालय आहे, आणि साताऱ्याच्या बाजूला कराडला कृष्णा रुग्णालय आहे. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत, त्यामुळे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार घेऊन भेटावे.

कातडीत पसरलेला रोग म्हणजे बहुधा कर्करोगाची चौथी, म्हणजे शेवटची पायरी (स्टेज), हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु चौथ्या पायरीचे सगळे रोग सारखे नसतात. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात केवळ गोळ्यांवर काही वर्षे चांगली जाऊ शकतात, मेलॅनोमा आणि फुप्फुसाच्या काही प्रकारांत प्रतिकारशक्तीवर काम करणारी नवी औषधे आहेत, रक्त येणाऱ्या गाठीला किरणोपचार देता येतात आणि चिघळलेल्या गाठीचा घरच्यांना छळणारा वास मेट्रोनिडाझोलच्या साध्या औषधाने कमी होतो. शिवाय या गाठी डोळ्यांसमोर असल्यामुळे औषध लागू पडते आहे की नाही, हे पट्टीने मोजून रुग्णालाही पाहता येते. पोटातल्या गाठीबाबत ती सोय नसते.

जुनी गाठ आणि नवी गाठ एकाच रोगाची आहे का, हे ठरवायला आम्हाला जुन्या शस्त्रक्रियेचा अहवाल आणि शक्य झाल्यास तो मेणाचा ठोकळा लागतो. ठोकळा ज्या प्रयोगशाळेत झाला तिथे बहुधा काही वर्षे जपलेला असतो आणि लेखी अर्ज केला तर मिळतो. अहवाल मात्र घरातच सापडतो. परवा एका काकींच्या सुनेने अकरा वर्षांपूर्वीचा, घड्यांवर पिवळा पडलेला कागद आणून दिला. सातबाऱ्याचे उतारे आणि सोसायटीच्या पावत्या ठेवतात त्या ट्रंकेत, अगदी तळाशी होता.